टेबलावर ठेवलेली जमीन

पाळक येशुदास खरात यांना त्यांच्याच मंडळीनं फसवलं. दाऊदनं जमीन विकली, पंचकमिटीनं तोंड मिटून घेतलं आणि बाकीच्यांनी नव्या देवळाच्या गुळगुळीत फरशीकडं बघत माना डोलावल्या. आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. त्या देवळात दाराशेजारी आता पाळकसाहेबांचा मोठा फोटो आहे आणि त्याच्याखाली ‘आमचे प्रिय मेंढपाळ’ असं सोनेरी अक्षरांत लिहिलंय. फोटोला पहिला हार घालायला मला बोलावलं होतं. मी गेलो नाही. त्याऐवजी हे लिहितोय.

माझं नाव पौलस. वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, माझं हळदीचं अडत दुकान आहे. त्याच मोंढ्यात मी आधी पाठीवर पोती वाहिली, मग दुसऱ्याच्या दुकानात बसलो, मग स्वतःचं टाकलं. मला कुणी काही फुकट दिलं नाही आणि मीही कुणाला देत नाही. माझं डोकं लवकर तापतं, हे मोंढ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पाळकसाहेबांचं आणि माझं फार कमी गोष्टींवर जमलं. तरी त्यांच्याबद्दल खरं लिहायची पाळी माझ्यावर यावी, यावरून बाकीच्यांचं काय ते समजा.

ते आमच्या गावी आले तेव्हा आमचा जिल्हा परभणीच होता, हिंगोली नंतर वेगळी झाली. कुरुंद्याच्या पलीकडं ओढ्याकाठी आमचं गाव. ख्रिस्ती घरं थोडी, देऊळ पत्र्याचं, खाली सतरंजी. आधीचे पाळक नांदेडला राहायचे आणि महिन्यातून एखाद्या रविवारी यायचे. हे बायकोला, पेटाऱ्याला आणि सायकलीला घेऊन गावातच राहायला आले. उंच माणूस, खांद्यात वाकलेला. शर्टाची कॉलर झिजली की मार्थाबाई ती उलटी करून शिवायच्या, त्यामुळं त्यांच्या प्रत्येक शर्टाला गळ्याशी एक नवी पट्टी दिसायची. आवाज हळू. गाणं तर इतकं बेसूर, की गीत सुरू करायला ते उभे राहिले की बायकांच्या बाजूनं मार्थाबाई खोकायच्या आणि स्वतःच सूर धरायच्या. पाळकसाहेब न रागावता मागून यायचे.

मार्थाबाई बुटक्या, ठसठशीत, तोंडाच्या फटकळ. आमच्याच बाजूच्या, औंढ्याकडच्या. नवऱ्याबद्दल चारचौघांत म्हणायच्या, “ह्यांचं देवासंगं लई बोलणं चालतंय. पण दळण आणा मनलं, की ऐकू येत न्हाई.” ते हसायचे आणि पिशवी घेऊन गिरणीकडं निघायचे. अर्ध्या वाटेत कुणीतरी भेटायचं, आणि दळण गिरणीत तसंच राहायचं.

भेटणाऱ्याला ते कधी “कसं काय?” असं विचारायचे नाहीत. “आतून कसं आहे?” असं विचारायचे. हा प्रश्न गावाला फार दिवस पचला नाही. आमची चुलती रुथाई पहिल्यांदा म्हणाली, “आतून पोटात मुरडा येऊन राहिला, साहेब.” त्यांनी तिथंच उभं राहून मुरड्यासाठी प्रार्थना केली, मग ओवा खायला सांगितला. पण प्रश्न सोडला नाही. मोंढ्यात, लग्नात, बस थांब्यावर, सगळीकडं तोच. लोक त्यांना लांबून बघून वाट बदलायचे. मीही बदलायचो. भाव पडलेल्या दिवशी मला आतून कसं आहे हे सांगायची माझी तयारी नसायची.

ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याच्या नावाची ते रुमालाला गाठ मारायचे. काही रविवारी रुमाल अक्षरशः दोरखंडासारखा व्हायचा. एकदा उपदेश करताना त्यांनी घाम पुसायला तो काढला आणि पोरं हसली. ते म्हणाले, “हसू नका, ह्यात तुमचे आईबाप आहेत.”

उपदेशाची त्यांची एक खोड मला कायम खटकली. बोलायला काही नसलं तर ते बोलायचे नाहीत. एका रविवारी साखरा गावाकडचे पाहुणे आले होते, बाया लेकरं घेऊन उन्हाच्या चालत आल्या होत्या. पाळकसाहेब उठले आणि म्हणाले, “आज मला काही मिळालेलं नाही. खोटं बोलण्यापेक्षा आपण गीत म्हणून घरी जाऊ.” मी बाहेर गाठलं त्यांना. म्हटलं, साहेब, गिऱ्हाईक दुकानात आल्यावर माल न्हाई असं सांगून चालतं का? काहीतरी जुनं काढायचं असतं. त्यांना राग आला नाही. म्हणाले, जुनं काढलं तर लोकांना वाटेल पाळक रोज ताजा असतो, आणि मग स्वतः शिळे झाल्यावर ते कुणाला सांगायचे नाहीत. मला हे तेव्हा पटलं नाही आणि आजही अर्धंच पटतं.

एकदा ते माझ्या दुकानात येऊन बसले. हळदीची आवक जोरात होती. मी हळकुंड उचलून मोडायचो, आतला रंग बघायचो, मोडताना आवाज कसा येतो ते ऐकायचो, आणि भाव सांगायचो. शेतकरी हुज्जत घालायचे, मी दुप्पट घालायचो. ते सकाळपासून दुपारपर्यंत काही न बोलता बघत राहिले. जाताना एक मोडलेलं हळकुंड मागून घेतलं. मला वाटलं, मार्थाबाईंनी मागवलं असेल.

रविवारी ते हळकुंड त्यांच्या हातात होतं. म्हणाले, आपण वाढीच्या गोष्टी करतो. कुणाची प्रार्थना लांब झाली, कुणाला दहा गीतं पाठ आहेत, कोण कमिटीवर गेला. ही सगळी पानं आहेत. पानं हिरवीगार असतात आणि खाली बोटाएवढंही काही धरलेलं नसतं. ख्रिस्ती माणसाची वाढ जमिनीखाली होते, कुणाला दिसत नाही, आणि काढायची वेळ आल्याशिवाय त्याची त्यालाही कळत नाही. वरून घासून चकचकीत केलं की सगळंच पिवळं दिसतं, म्हणून पौलसशेठ मोडून बघतो. मग माझ्याकडं बघून म्हणाले, “पण शेठला स्वतःला कुणी मोडून बघितलंय का, ते मात्र विचारायचं राहिलं.”

सगळं देऊळ हसलं. पुढं वर्षभर लोक मला त्यावरून टोमणे मारत होते.

आता याकोबआप्पाचं सांगायला पाहिजे, कारण जमीन त्यांची.

याकोबआप्पा आमच्या मंडळीतले मोठे शेतकरी, ओढ्याच्या दोन्ही अंगांना रान. हळद माझ्याच दुकानी घालायचे. एका हंगामात मी त्यांच्या मालात माती जास्त म्हणून पोत्यामागं कडता, म्हणजे वजनातली काट, जास्त धरला. माती होती म्हणूनच धरला, आजही विचारलं तरी हेच सांगेन. आप्पा भर मोंढ्यात मला चोर म्हणाले. मी त्यांना आणखी काहीतरी म्हणालो. त्या दिवसापासून ते देवळात डाव्या अंगाला बसायचे आणि मी उजव्या.

पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाचा रविवार आला. टेबलावर पांढरी चादर, भाकर, द्राक्षरस, सगळं मांडलेलं. पाळकसाहेबांनी एकदा डावीकडं बघितलं, एकदा उजवीकडं, आणि चादर परत वरून झाकून टाकली. म्हणाले, ह्या टेबलाशी भावाचं तोंड न बघणारा माणूस बसू शकत नाही. दोघं बसणार नसतील तर कुणीच बसणार नाही. मंडळी हे एक अंग आहे, एका बोटाला गँगरीन झालं तर बाकीचं अंग जेवायला कसं बसेल.

मला वाटलं, एक महिना नाटक करतील. त्यांनी पावसाळा सगळा काढला. प्रत्येक महिन्याला टेबल मांडायचे आणि झाकायचे. म्हाताऱ्या बाया माझ्या दारात येऊन रडल्या, आमी काय पाप केलं म्हणून. रुथाईनं तर मला काठी दाखवली. तिकडं आप्पाच्या दारातही हेच चाललं होतं. शेवटी आप्पा एके दिवशी मोंढ्यात आले, दुकानाच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, “पौलस, तुह्या त्या पाळकानं माह्या मायला प्रभुभोजनावाचून मरायला लावलं असतं. चल, उठ.” आम्ही दोघं माझ्या मोटारसायकलवरून गावात आलो. कडत्याचा विषय दोघांनीही काढला नाही. त्या रविवारी टेबल झाकलं नाही.

हे मी मुद्दाम लांबवून सांगितलं, कारण पाळकसाहेबांचा ह्या एका गोष्टीवर विश्वास होता. मंडळीत माणसाला हाकलून काढून नाही, तर सगळ्यांनी मिळून उपाशी राहून परत आणता येतं. त्यांना वाटायचं हे नेहमी चालतं, कारण एकदा चाललं होतं.

त्याच वर्षी कापणीच्या सणाला याकोबआप्पानं जमीन दिली. हा सण आमच्याकडं असा असतो. ज्याच्या घरी जे पिकलं ते तो देवळात टेबलावर आणून ठेवतो. जोंधळा, हळद, कोंबडी, भोपळे, अंडी. उपासना झाली की बाहेर चिंचेखाली त्याचा लिलाव. बोलीनं घेतलेली वस्तू बरेच जण परत टेबलावर ठेवतात आणि तिचा पुन्हा लिलाव होतो. एखाद्या विधवेचं एक अंडं दुपारभर विकलं जातं. जी वस्तू उचलून आणता येत नाही तिची खूण आणायची. गोऱ्हा द्यायचा असला तर दावं, झाड द्यायचं असलं तर फांदी.

आप्पानं टोपीतून मातीचं एक ढेकूळ काढून टेबलावर ठेवलं. ओढ्याच्या वळणावरचा, कडुलिंबाच्या झाडाखालचा रानाचा कोपरा, मंडळीला मूठमातीसाठी. आम्हाला स्मशानभूमी नव्हती. ओढ्याच्या काठाला खड्डा करायचो आणि मोठा पूर आला की काठ तुटायचा. काय काय वर यायचं ते मी लिहीत नाही. माझ्या बापाला तिथंच ठेवलं होतं. त्यामुळं ते ढेकूळ टेबलावर आलं तेव्हा देवळात कुणी खोकलंही नाही.

लिलावात ते ढेकूळ मी घेतलं. सगळ्यांच्या वर बोललो. आयुष्यात मी एकदाच भाव पाडायच्या ऐवजी चढवला असेन. घेतलं आणि परत टेबलावर ठेवलं. आप्पानं मला मिठी मारली.

सगळं झाल्यावर मी पाळकसाहेबांना बाजूला घेऊन म्हटलं, साहेब, उद्या सकाळी आप्पाला घेऊन वसमतला जाऊ, रजिस्ट्री करून टाकू, सातबाऱ्यावर मंडळीचं नाव लावू. ते माझ्याकडं असे बघत राहिले, जणू मी देवळात थुंकलो होतो.

“टेबलावर ठेवलंय ते, पौलस,” ते म्हणाले. “देवाला दिल्यावर परत सही मागायची?”

“देवाला नका मागू,” मी म्हटलं. “आप्पाच्या पोराला मागा.”

आप्पानं ते ऐकलं. त्यांचा चेहरा उतरला. पाळकसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि विषय मिटला. सगळ्या मंडळीसमोर दिलेल्या वस्तूचा कागद करणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर अविश्वास दाखवणं, अशी आमच्यात समजूत होती. पंधरा गावांत अशीच समजूत असेल. मोंढ्यात मी एक पोतं कुणाच्या शब्दावर सोडत नाही. देवळात मात्र माझं कुणी ऐकलं नाही.

त्या जागेतली पहिली कबर मार्थाबाईंची झाली.

कावीळ म्हणता म्हणता पोट फुगलं. परभणीला नेलं, नांदेडला नेलं. शेवटी त्यांनीच घरी न्या म्हणून हट्ट धरला. आजारातही तोंड तसंच होतं. पाळकसाहेब उशाशी बसून डोळे मिटून प्रार्थना करत असले की म्हणायच्या, डोळे उघडे ठेवून माह्याकडं बघा, देव काय पळून जात न्हाई. गेल्या त्या दिवशी दाऊदनं तिरडीला पुढून खांदा दिला. दाऊद म्हणजे याकोबआप्पाचा एकुलता एक मुलगा, तेव्हा नुकताच पंचकमिटीचा सेक्रेटरी झालेला. ओक्साबोक्शी रडला तो. मी खोटं लिहिणार नाही, खरंच रडला.

मी नांदेडहून संगमरवराची पाटी आणायचं ठरवलं होतं. पाळकसाहेबांनी नको म्हटलं. पहिली कबर जशी बांधाल तशी पुढच्यांना बांधावी लागते, आणि रुथाईच्या घरच्यांना ते झेपायचं नाही. म्हणून मातीचा उंचवटा आणि भोवती ओढ्यातले दगड, एवढंच. पुढं त्या जागेत आणखी थोडी माणसं गेली, रुथाईसुद्धा. सगळ्यांना तसेच दगड.

मार्थाबाई गेल्यावर देवळात खोकणारं कुणी उरलं नाही. पाळकसाहेब गीत सुरू करायचे, ते तसंच बेसूर शेवटपर्यंत जायचं. त्यांनी “आतून कसं आहे?” विचारणं मात्र सोडलं नाही. एकदा मीच त्यांना उलटा तोच प्रश्न विचारला. ते म्हणाले, “ती जागा आहे, हे बरं आहे. माझी तिच्या शेजारी ठेवलीय.”

मग कालव्याचं पाणी ओढ्यापर्यंत आलं आणि रानाला किंमत आली. याकोबआप्पाला लकवा झाला, वाचा गेली. दाऊदनं ओढ्याकडचं सगळं रान विकायला काढलं. विकण्याआधी त्यानं ट्रॅक्टर लावून ते सपाट केलं. मधले बांध मोडले, लिंब तोडला, ओढ्याची कड पुढं सरकवली, दगड वेचून कुठंतरी टाकले. पाळकसाहेब तेव्हा पाळकांच्या शिबिराला गेले होते. मी हंगामामुळं सांगलीला होतो. परत आलो तेव्हा खाटेवरच्या आप्पाचा अंगठा लावून खरेदीखत झालं होतं. रान वसमतच्या रहीमभाईंनी घेतलं. त्यांचं मोटारीच्या टायरचं दुकान आहे, शेती नव्यानं करायला घेतलेली.

मी दाऊदच्या घरी गेलो. काय बोललो ते छापण्यासारखं नाही. तो शांत होता. म्हणाला, “काका, सातबाऱ्यावर कुणाचं नाव हाय? माह्या बापाचं. ढेकळाचा काय पुरावा हाय तुमच्यापाशी?” खाटेवर आप्पा पडले होते. त्यांना ऐकू येत होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते लकव्याचं होतं की कशाचं, मला ठाऊक नाही.

कमिटीपुढं विषय गेला, तेव्हा कळलं की दाऊदनं नवं देऊळ बांधून द्यायचं कबूल केलंय. पक्क्या भिंती, फरशी, बाक, माईक. कमिटीतले लोक मला म्हणाले, पौलसभाऊ, मेलेल्यांपायी जित्यांचं नुसकान काहून करता? मंडळी वाढून राहिली, पत्र्यात मावत न्हाई. एकानं तर सांगितलं, पाळकसाहेबच म्हणतात ना, वाढ झाली पाहिजे.

पाळकसाहेबांनी त्यांना ठाऊक होतं तेच केलं. प्रभुभोजनाच्या रविवारी टेबल मांडलं आणि झाकलं. म्हणाले, दाऊदनं इथं उभं राहून आपल्या भावांना उत्तर द्यावं, तोवर आपण सगळे थांबू. मला रडायलाच आलं, कारण मला वाटलं, आता चालेल. एकदा चाललं होतं.

दुसऱ्या महिन्यात त्यांनी पुन्हा झाकलं. तिसऱ्या महिन्यात कमिटीनं बाहेरून एक तरुण पाळक बोलावला. मोटारसायकलवर आला, चांगला गायला, आणि प्रभुभोजन देऊन टाकलं. म्हाताऱ्या बाया पुढं झाल्या. ज्या माझ्या दारात रडल्या होत्या त्याच. दाऊद पहिल्या रांगेत होता. पाळकसाहेब मागं सतरंजीवर भिंतीला टेकून बसले होते. ताट फिरत फिरत त्यांच्यापर्यंत आलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं, त्यात बघितलं आणि शेजाऱ्याकडं दिलं. इतक्या वर्षांत त्यांनी ज्यांना बाप्तिस्मा दिला, ज्यांची लग्नं लावली, त्यांच्यातल्या एकानंही मागं वळून बघितलं नाही. मी बघितलं, आणि उठून बाहेर आलो.

वसमतला मी वकील गाठला. तो म्हणाला, साक्षीदार उभे करा, पुरलेल्या माणसांच्या घरच्यांना पुढं आणा, मनाईहुकूम मिळू शकतो. माझं डोकं आधीच तापलेलं होतं. मी सगळी तयारी केली. हे कसं कळलं कोण जाणे, पाळकसाहेब दुकानात आले. पायरीवर बसले. पाणी दिलं, ते प्यायले नाहीत.

“भावाला कोर्टात नेऊ नकोस,” ते म्हणाले.

“तो भाऊ न्हाई, साहेब. तो चोर हाय.”

“चोर आहे. आणि भाऊ आहे.”

मी म्हटलं, तुमची बायको त्याच्या नांगराखाली गेली, आणि तुमी मला शास्त्र सांगून राहिले. त्यांनी पाण्याचा पेला बाजूला सरकवला. मग म्हणाले, “समज तू जिंकलास. जमीन मिळाली. त्यानंतर तू आणि दाऊद एका टेबलाशी बसाल का?”

“मी मरेपर्यंत बसणार न्हाई.”

“मग मार्थेची जागा घेऊन मी मंडळी घालवली असं होईल. तिला ते आवडायचं नाही.”

“मंडळी गेलेलीच हाय,” मी म्हटलं. “तुमी एवढी वर्षं वाढ, वाढ मनून सांगत आले. काय वाढलं? दाखवा मला.”

त्यांनी रस्त्यावरून जाणाऱ्या बैलगाडीकडं बघितलं. हळदीच्या पोत्यांनी भरलेली होती. म्हणाले, “मला वाटलं होतं, वाढतंय.”

एवढंच. मला त्यांनी शपथ घातली नाही की काही नाही. पण मी कोर्टात गेलो नाही. का गेलो नाही ते मलाही नीट सांगता येत नाही. त्या माणसाच्या बायकोची कबर मी त्याच्या मर्जीविरुद्ध कोर्टात ओढायची, हे माझ्याच्यानं झालं नाही. दाऊदला मात्र वाटलं, पौलसला साक्षीदारच मिळाले नाहीत.

नव्या देवळाच्या उद्घाटनाआधी पाळकसाहेबांच्या निवृत्तीचा कागद वरून आला. ते जालन्याला मुलीकडं राहायला गेले. पेटारा आणि सायकल घेऊन आले होते, पेटारा तेवढा घेऊन गेले.

शेवटचे ते मला दिसले ते पुढच्या भाद्रपदात. न कळवता बसनं वसमतला उतरले, दुकानात आले आणि म्हणाले, मला तिकडं घेऊन चल. मोतीबिंदूनं एक डोळा गेला होता. मी त्यांना मोटारसायकलवर मागं बसवलं. बसताना त्यांनी माझा खांदा धरला, तेव्हा हाताला वजनच नव्हतं.

रानात हळद कमरेएवढी वर आली होती. सगळीकडं सारखी हिरवी, एका अंगानं कालवा, दुसऱ्या अंगानं सरकवलेला ओढा. रहीमभाई मोटर बघायला आले होते. मी त्यांना सांगितलं की हे कोण. त्यांनी छातीवर हात ठेवला. म्हणाले, “बाबा, मेरेको किसीने बताया नहीं. मालूम रहता तो हाथ नहीं लगाता.” मग म्हणाले, अजूनही सांगा. जागा दाखवा, तेवढी मी सोडतो, तार मारून देतो, पुन्हा नांगर घालणार नाही.

मी म्हटलं, दाखवतो. लिंब इथं होता असं मला वाटलं, मी पाटाच्या वळणाजवळची जागा दाखवली. पाळकसाहेबांनी नाही म्हणून मान हलवली आणि त्याच्या बऱ्याच खाली, कालव्याकडं बोट केलं. मग थांबले. बोट पुन्हा वर आणलं. मी माझी जागा बदलली. झाड नाही, बांध नाही, दगड नाहीत. जिच्यासाठी तो माणूस एवढ्या लांब आला होता, तिची जागा त्याला सांगता येईना आणि मलाही येईना.

रहीमभाई मोटरकडं गेले.

पाळकसाहेब रानाच्या कडेच्या बांधावर खाली बसले. मला वाटलं दमले. त्यांनी बूट काढले, मोजे काढले, बुटांत नीट घडी घालून ठेवले, आणि अनवाणी हळदीच्या सरीत उतरले. मी म्हटलं, साहेब, पाणी दिलेलं हाय, काटेही असतील, बूट घाला. ते न थांबता म्हणाले, “ती कुठं आहे ते ठाऊक नाही ना.” आणि एका सरीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, पाऊल हळू टाकत, जिथं पाय ठेवायचा तिथं आधी बघत, ते त्या पाण्यानं भरलेल्या रानात फिरत राहिले. पानं त्यांच्या कमरेला लागत होती. मी बांधावर उभा राहून बघत होतो. मला राग आला होता, आणि ज्याच्यावर काढायचा तो तिथं नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात ते जालन्यातच वारले. तिथल्या स्मशानभूमीत, अनोळखी माणसांच्या मधोमध, त्यांना ठेवलंय.

आता कमिटीनं ऐकावं. मला जमीन परत नको. नवं देऊळ तुमचं तुम्हाला लखलाभ होवो. पण तिरडीला खांदा तुम्ही दिलात. खड्डा तुमच्या पोरांनी खणला. ट्रॅक्टर दाऊदनं लावला आणि दगड वेचायला चार दिवस तो स्वतः तिथं उभा होता. कोणता दगड कुठून उचलला हे त्याला ठाऊक आहे, आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्या त्याच्या मेहुण्यालाही. रहीमभाई जागा सोडायला आजही तयार आहेत, ते मी कालच त्यांना विचारून आलोय. म्हणून मी दाऊदला आणि पंचकमिटीतल्या प्रत्येकाला सगळ्यांसमोर विचारतो: पायात बूट घालून या नाहीतर अनवाणी या, पण त्या रानात येऊन उभे राहा आणि बोट दाखवून सांगा, मार्थाबाई कुठं आहेत?